सांदवाडींतील केळीं आणि एक परदेशी पक्वान्न

आपल्या मासिकांत धान, ऊंस, लाखोळी, खतें व औजारें यांवर लेख येतात, आणि ते यावेत हें योग्यच आहे. परंतु घरामागच्या चार केळींचें काय करावें, हें कोणीं लिहिल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं. प्रस्तुत लेखकाची उभी नोकरी महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. गांव नमुना सात व बारा यांचे उतारे किती लिहिले त्याची गणती नाहीं. पण सांदवाडींतल्या केळीची नोंद त्यांपैकीं एकाहि उताऱ्यावर केल्याचें स्मरत नाहीं. गांवठाणांतली जागा, तिला ना आकार, ना पीकपाहणी. आणि ज्या मालाची दप्तरांत नोंद नाहीं त्याचा घरांतहि हिशेब राहात नाहीं, असा माझा अनुभव आहे.

आमचें नवेगांव बांध हें तलावाचें गांव. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यांनीं हा तलाव बांधला असें सांगतात. आणि तलाव बांधणें व ऊंस लावणें या दोन कामांसाठीं कोहळी लोकांची ख्याति साऱ्या जुन्या भंडारा जिल्ह्यांत आहे. (गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १९९९ सालीं.) म्हणून धान, गूळ व दूधदुभतें हें आमचें घरचें वैभव. केळ मात्र आमच्याकडे मळ्याचें पीक नव्हे. तें खरें खानदेशाचें. रावेर-यावलच्या बाजूस त्याचे मळेच्या मळे आहेत, आणि जळगांवच्या केळ्याला २०१६ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. आमच्या इकडे केळ लावावयाची ती न्हाणीच्या सांडपाण्यावर, पूजेला पान व खांब मिळावे म्हणून. त्यांतून घड आला तर आला.

घड येतो तेव्हां मात्र पंचाईत होते. वर्षभर केळीकडे ढुंकून न पाहणाऱ्या घरांत एकदम शंभरावर केळीं येऊन पडतात. तीं तणसांत घातलीं म्हणजे चार-सहा दिवसांत सारीं एकदम पिकतात. पहिल्या दिवशीं शिकरण, दुसऱ्या दिवशीं शिकरण, तिसऱ्या दिवशीं शेजारीं वाटप, आणि चौथ्या दिवशीं उरलेलीं काळीं पडून गुरांपुढें. हें टाळावें म्हणून कोणी घड कच्चाच विकूं पाहतो. मागल्या खेपेस एक व्यापारी दारांत आला, त्यानें घड हातानें तोलून पाहिला व दीडशें रुपये सांगितले. चौदा महिने सांभाळलेल्या झाडाचे दीडशें रुपये! आमच्या घरांतील मंडळींनीं त्यास ताक पाजलें व वाटेस लावलें. केळीं आम्हींच खाणार, असें त्या म्हणाल्या. त्यांतलीं निम्मीं गाईनें खाल्लीं हें येथें कबूल केलें पाहिजे.

गेल्या डिसेंबरच्या अखेरीस धाकट्या बंधूंचा मुलगा सहकुटुंब अमेरिकेहून आला. त्याची मुलगी नऊ वर्षांची. मराठी समजते, बोलते बेताचें. आमच्याकडचें जेवण तिला तिखट लागे, आणि दोन दिवस पोर भात व दूध यांवरच राहिली. तिच्या आजीनें, म्हणजे आमच्याच मंडळींनीं, तुला काय करून घालूं म्हणून विचारलें, तेव्हां ती म्हणाली, “बनाना पाय.” मंडळी घाबरल्या. केळीच्या सालीवरून घसरून हिच्या पायास लागलें कीं काय, असा त्यांचा समज झाला, व त्या तेल गरम करावयास उठल्या. मग पुतण्याच्या पत्नीनें खुलासा केला. ‘पाय’ म्हणजे कणकेच्या खुसखुशीत परातीसारख्या कवचांत घातलेलें पक्वान्न. केळ्याच्या ‘पाय’मध्यें तळाशीं केळ्यांच्या चकत्या, त्यांवर पीठ लावून घट्ट केलेलें दूध, आणि सर्वांवर फेंटलेली साय. हें ऐकून मंडळी म्हणाल्या, “म्हणजे घट्ट शिकरण भाकरीवर घालून खावयाची!” व्याख्या अगदींच चुकीची नाहीं.

येथें थोडें विषयांतर करतों. केळें हें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मूळचें फळ नव्हे. तेथें तें आगबोटींतून व आगगाडींतून सर्वत्र पोंचूं लागलें तें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. म्हणजे आपल्या येथें ज्या फळाचा खांब सत्यनारायणाच्या चौरंगाला बांधण्याची जुनी चाल आहे, तें त्या लोकांस दीडशें वर्षांपूर्वीं नवलाचें होतें. नवल असल्यामुळेंच त्यांनीं त्याचें पक्वान्न केलें. आपल्याकडे तें मुबलक, म्हणून कुस्करून दुधांत घातलें कीं काम झालें. आणखी एक गोष्ट. त्यांच्या आजीपणजीच्या वेळचें केळें आतां त्यांस मिळत नाहीं. तेथें पूर्वीं ‘ग्रो मिशेल’ नांवाची जात येई. तिच्या मुळांत बुरशीचा रोग शिरला, त्यास पनामा रोग म्हणतात, आणि १९६० च्या सुमारास ती जात व्यापारांतून उठली. तिच्या जागीं कॅव्हेंडिश वर्गाचीं केळीं आलीं; आपलें बसराई व हल्लींचें ग्रँड नैन हीं त्याच वर्गांतलीं. जगाच्या व्यापाराचा भार एका वर्गावर ठेवला म्हणजे काय होतें तें त्यावरून दिसतें. सांदवाडींत दोन-तीन गांवठी जातींचे कंद असूं द्यावेत, असें मला वाटतें तें याचसाठीं.

असो. त्या वेळीं आमच्या दक्षिणेकडच्या केळीचा घड उतरण्याजोगा झाला होता. केळ्यांच्या कडा बोथट होऊन तीं गोल दिसूं लागलीं, म्हणजे घड तयार झाला असें समजावें. आठ फण्या, केळीं एकशें बारा. (मोजण्याची खोड जात नाहीं.) मीं नेहमींप्रमाणें सारा घड तणसांत घालावयास निघालों, तोंच पुतण्याची पत्नी म्हणाली कीं, मामंजी, ‘पाय’ला केळें कोणत्या दिवसाचें आहे याला फार महत्त्व आहे, हिरवट असलें तर तुरट लागतें, फार पिकलें तर दुधाला पाणी सुटतें. आमच्या हातून पहिल्या खेपेस ‘पाय’ साधेल असा भरंवसा नव्हताच. तेव्हां दर दोन-तीन दिवसांनीं नेमकीं पिकलेलीं चार केळीं हातीं पाहिजेत, असा प्रश्न उभा राहिला. त्या प्रश्नाच्या उत्तरानेंच मला हा लेख लिहावयास लाविलें. पक्वान्न हें निमित्त.

आम्हीं घडाच्या फण्या सुरीनें वेगळ्या केल्या, चीक गळून जाऊं दिला, आणि दोनच फण्या तणसांत घातल्या. उरलेल्या सहा मागच्या खोलींत दोरीला उलट्या टांगल्या. केळें पिकूं लागलें म्हणजे त्यांतून इथिलीन नांवाचा वायु सुटतो, आणि तो शेजारच्या कच्च्या केळ्यांनाहि पिकवितो. अढींतलीं सारीं केळीं एकदम पिकतात तीं यामुळेंच. म्हणून पिकत्या फण्या एका खोलींत व कच्च्या दुसऱ्या खोलींत, मध्यें भिंत व बंद दार, असा बंदोबस्त ठेवला. कच्चीं केळीं साधारण चौदा-पंधरा अंश उष्णतेंत पुष्कळ दिवस थांबतात. आमच्याकडे डिसेंबरांत मागची खोली आपोआपच तशी असते. पण तेरा अंशांखालीं उष्णता गेली कीं त्यांस थंडी बाधते, साल काळवंडते व फळ पुढें नीट पिकत नाहीं. म्हणून रात्रीं गोणपाट पांघरावें. कच्चें केळें शीतकपाटांत कधींहि ठेवूं नये. पिकलेलें ठेवलें तर साल काळी पडते खरी, पण आंतला गर दोन-तीन दिवस चांगला राहतो.

दर चौथ्या दिवशीं टांगलेल्या दोन फण्या तणसांत जात. तणसांत एक पिकलें केळें ठेवून वर पोतें दाबून बसविलें म्हणजे हिंवाळ्यांतहि पांच-सहा दिवसांत काम होतें. उन्हाळ्यांत तीन दिवस पुरतात. बाजारांत कित्येक लोक कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्या घालून फळें पिकवितात. तें कायद्यानें बंद आहे आणि आरोग्यास घातक आहे. अशा रीतीनें जो घड पूर्वीं चार दिवसांत संपवावा लागे किंवा फुकट जाई, तो आम्हांस पुरे अठरा दिवस पुरला. गुरांपुढें गेलीं तीं फक्त सालें. इतकी साधी गोष्ट इतक्या वर्षांत सुचली नाहीं याची लाज वाटते.

आतां पक्वान्नाकडे वळूं. पहिला प्रयोग माझ्यामुळें फसला. कोहळ्यांच्या मुलखांत राहून साखर कां घालावी, गूळच घालावा, असा माझा आग्रह. मंडळींनीं एकदां सांगून पाहिलें, मग गप्प राहिल्या. मीं उकळत्या दुधांत गुळाचा खडा टाकला आणि दूध क्षणांत फाटलें. गुळांतील आंबटपणा व क्षार उकळत्या दुधास सोसत नाहींत, हें खिरींत गूळ शेवटीं घालणाऱ्या प्रत्येक बाईस ठाऊक आहे. अर्धा लिटर दुधाचें कलाकंद समजून आम्हीं तें खाल्लें. मुलगी मात्र भातावर राहिली.

दुसरा प्रयोग दोन चुकांनीं बिघडला. चकत्या तासभर आधीं कापून ठेवल्या, त्या तपकिरी झाल्या. आणि दूध जरा दाट होतांच मीं भांडें उतरविलें, म्हणून त्यास कच्च्या पिठाची चव राहिली व थंड झाल्यावर तें कवचांत बसेना, सुरी लावतांच ओघळलें. पोरीनें एक घांस घेतला व सभ्यपणें पाणी मागितलें. मंडळी त्या रात्रीं बराच वेळ स्वयंपाकघरांत एकट्या बसून होत्या. इतक्या लांबून आलेलें पोर आपल्या घरीं उपाशी राहतें, हें त्यांच्या मनास फार लागलें होतें. मी लेख लिहितांना हंसतों आहें. त्या वेळीं कोणी हंसत नव्हतें.

तिसऱ्या प्रयोगाची रीत अशी. तांदूळ चिन्नोर घ्यावा. तो दोन तास भिजवून, रात्रभर सावलींत सुकवून, बारीक दळून पातळ फडक्यानें चाळावा. परदेशांत या ठिकाणीं मक्याचें सत्त्व वापरतात व सुवासासाठीं व्हॅनिला घालतात. चिन्नोराच्या पिठाला स्वतःचाच सुवास असल्यामुळें आम्हांस दुसरें कांहीं घालावें लागलें नाहीं. आवड असल्यास जायफळ किंचित् किसावें.

कवचासाठीं दीडशें ग्रॅम कणीक, चिमूटभर मीठ व पंचाहत्तर ग्रॅम थिजलेलें तूप घ्यावें. तूप पातळ असूं नये. बोटांच्या टोकांनीं तूप कणकेंत चोळून तिचा रव्यासारखा भुगा करावा, मग बेतानें गार पाणी घालून गोळा जमवावा. चार-पांच चमचे पुरतें. पोळीसारखें मळूं नये. मळलें कीं पीठ चिवट होतें व खुसखुशीतपणा जातो. मंडळींचा हात सवयीनें मळावयास जाई, त्यास आवरावें लागलें. गोळा अर्धा तास गार ठेवून लाटावा, वीतभर व्यासाच्या कांठाच्या ताटलींत पसरून कडा वर घ्याव्या, तळाला कांट्यानें टोंचावें, आणि फुगूं नये म्हणून वर कागद ठेवून त्यावर हरभऱ्यांचें वजन ठेवावें.

आमच्या घरीं भट्टी नाहीं. जाड बुडाच्या पातेल्यांत दोन बोटें वाळू घालून, वर तिवई ठेवून, झांकण लावून तें पंधरा मिनिटें तापविलें, आणि मग ताटली तिवईवर ठेवली. झांकणावर चुलींतले निखारे पसरले, म्हणजे वरूनहि आंच लागते. नानकटाई पूर्वीं घरोघर अशीच होई. अर्ध्या तासानें हरभरे काढून आणखी दहा-पंधरा मिनिटें ठेवलें तेव्हां कवच बदामी झालें. तें पुरें निवूं द्यावें.

दुधाचें काम सोपें आहे, पण त्या वेळीं दुसरें काम हातीं घेऊं नये. अर्धा लिटर सायीसकट म्हशीच्या दुधांतलें अर्धी वाटी गार दूध काढून त्यांत पन्नास ग्रॅम पीठ गुठळी न राहील असें कालवावें. उरलेलें दूध ऐंशीं ग्रॅम साखर घालून तापवावें. पिकल्या केळ्यांत शेंकडा वीसच्या आसपास साखर मूळचीच असते, म्हणून याहून अधिक घालण्याचें कारण नाहीं. दूध उकळूं लागतांच कालवलेलें पीठ धार धरून सोडावें व लांकडी उलथन्यानें तळापासून ढवळावें. मिश्रण दाट होऊन बुडबुडे फुटूं लागले म्हणजे काम झालें असें वाटतें. तें झालेलें नसतें. तेथून पुढें मंद विस्तवावर सहा-सात मिनिटें ढवळत राहावें. तेव्हांच पिठाचा प्रत्येक कण फुलतो, कच्ची चव जाते आणि निवल्यावर मिश्रण सुरीनें कापण्याइतकें बसतें. उतरवून चमचाभर लोणी घालावें.

मूळ रीतींत अंड्यांचे तीन बलक असतात. ज्यांच्या घरीं चालतात त्यांनीं ते गरम मिश्रणांतला एक पळा आधीं बलकांत मिसळून मग सर्व एकत्र करावें, आणि पुन्हां उकळी आणावी. बलकांत पीठ विरघळविणारें एक पाचक द्रव्य असतें. उकळीनें तें नष्ट झालें नाहीं तर रात्रींत सारें पातळ होतें. ज्यांस अंडीं चालत नाहींत त्यांनीं वाईट वाटून घेऊं नये. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनीं १८३७ सालीं बिनअंड्याची कस्टर्ड पावडर काढली ती त्यांच्या पत्नीस अंडें बाधत असे म्हणून. साहेबाच्या घरांतहि ही अडचण होती तर!

मिश्रण कोमट झालें म्हणजे, आणि तेव्हांच, केळीं सोलावीं. साल पिवळी असून तिच्यावर नुकतेच तपकिरी ठिपके आलेले असावेत, देठ हिरवा नसावा. अशीं चार केळीं. चकत्यांना लिंबाचे चार थेंब चोळून त्या कवचाच्या तळाशीं दाट बसवाव्या व लगेच मिश्रण ओतून पूर्ण झांकाव्या. कापलेलें केळें काळें पडतें तें हवेमुळें. दुधाच्या थराखालीं हवा पोंचत नाहीं. मिश्रण कढत असतां ओतलें तर केळीं शिजून पाणी सोडतात. मग चार तास गार जागीं ठेवावें. वाढण्याच्या वेळीं दोन दिवसांची गार साय चमचाभर साखर घालून रवीनें फेंटावी व वर पसरावी. फेंटतांना लक्ष ठेवावें, कारण जरा अधिक घुसळलें कीं लोणी येतें. आमच्या मंडळींचा हात लोण्याचाच, म्हणून हें काम पुतण्याच्या पत्नीनें केलें. माझ्या गुळाची जागाहि अखेर सांपडली. गुळाचा पातळ पाक निववून तो खावयाच्या वेळीं वरून सोडला, आणि तो साखरेहून सरस लागला.

मुलीनें पहिला घांस घेतला, थोडा वेळ विचार केला, व म्हणाली, “ह्याला भाताचा वास येतो.” आम्हीं एकमेकांकडे पाहिलें. मग तिनें ताटली पुढें केली व दुसरा तुकडा मागितला. तेव्हां मंडळी पहिल्यांदा खालीं बसल्या. मला मधुमेह असल्यामुळें माझ्या वांट्यास बोटभर तुकडा आला, व तोहि मोजून.

कांहीं वैद्य दूध व केळें हा विरुद्धाहार मानतात, हें मला ठाऊक आहे. आमच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या शिकरण खाल्ली गेली आहे, तरी ज्यास कफाचा त्रास आहे त्यानें वैद्याचें ऐकावें. हें पक्वान्न केल्या दिवशींच संपवावें. दुसऱ्या दिवशीं कवच मऊ पडतें व केळ्याचा रंग जातो.

खर्चाचा जमाखर्च मांडून ठेवला आहे. दूध तीस रुपये, तूप पन्नास, साखर, कणीक व पीठ मिळून पंधरा; साय व केळीं घरचीं. पंचाण्णव रुपयांत आठ माणसें. पण येथें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे कीं एका ‘पाय’ला केळीं चारच लागतात, आणि घडांत एकशें बारा होतीं. म्हणजे हें पक्वान्न केळीं संपविण्याचा उपाय नव्हे. तिन्ही प्रयोग मिळून बारा केळीं गेलीं. उरलेलीं शंभर शिकरणींत, प्रसादाच्या शिऱ्यांत व नुसतीं खाण्यांत गेलीं, आणि प्रत्येक केळें पिकल्या दिवशीं खाल्लें गेलें. वसईकडे राजेळी केळीं सोलून उन्हांत वाळवून त्यांचीं सुकेळीं करतात. तोहि एक मार्ग आहे, पण आमच्या गांवठी केळ्याचीं तशीं होतात कीं काय हें करून पाहिल्यावांचून सांगणार नाहीं.

घड उतरलेल्या केळीचा खांब तोडून गुरांस घातला व कंदाच्या भोंवतालच्या मुनव्यांपैकीं तलवारीसारख्या अरुंद पानांचा एकच जोमदार मुनवा राखला. रुंद पानांचे मुनवे वर हिरवेगार दिसले तरी त्यांचा कंद दुबळा असतो. ते काढून टाकले. उत्तरेकडच्या केळीनें नुकतेंच कमळ टाकलें आहे. तिचा घड चैत्राच्या सुमारास उतरेल. त्या वेळीं मागची खोली थंड असणार नाहीं, म्हणून फण्या माठांच्या खोलींत ओल्या गोणपाटांत टांगून पाहाव्या असें मी म्हणतों. मंडळींचें म्हणणें, माठांच्या खोलींत कांहींएक टांगावयाचें नाहीं. निकाल अद्याप लागलेला नाहीं.